पोराला माइकपासून लांब ठेव

अगं, आज मी मुलांच्या आईशी बोलत नाहीये. तिला आत्ता काही सांगून उपयोग नाही, ती बसलीय तिथे तिला बसू दे. मला बोलायचंय आत्याशी, नाहीतर मावशीशी. ड्युटीवर असताना पोलीस वारला की त्या घरात एक बाई स्वतःचं रडणं बाजूला ठेवून चहाचं पातेलं चढवते, आल्यागेल्याला सतरंज्या टाकते, पोरांच्या अंगात स्वेटर आहे का बघते. ती तू. ही मुलं पुढची कित्येक वर्षं काही विचारायचं असलं की तुझ्याकडे येणार आहेत, म्हणून तुझ्याशीच बोलते.

सगळ्यात आधी दशक्रियेचं. आपल्या जुन्नर-आंबेगावातली दशक्रिया काय असते हे पुण्या-मुंबईच्या माणसाला सांगून पटत नाही. नदीकाठी मांडव, महाराजांचं प्रवचन, लाउडस्पीकर, आणि मग श्रद्धांजलीची रांग. आमदार, माजी आमदार, कारखान्याचे संचालक, बाजार समितीचे, सोसायटीचे, सगळ्यांना दोन शब्द बोलायचे असतात. मला ही प्रथा वाईट वाटत नाही बरं का. माणूस गेल्यावर तालुका येऊन मांडी घालून बसतो, याची किंमत शहरात गेल्यावर कळते. पण गेलेला माणूस पोलीस असला की भाषणांना वेगळाच जोर चढतो, आणि त्या जोरात कुणीतरी पुढच्या ओळीत मुंडण करून बसलेल्या पोराकडे हात करून बोलतो, "बाळा, रडायचं नाही. तू वाघाचा बच्चा. आता घरातला कर्ता पुरुष तूच." खाली बसलेल्या माना हलतात. बोलणारा चहा घेऊन पुढच्या गावच्या दहाव्याला निघून जातो. पोरगं मात्र ते वाक्य घरी घेऊन येतं. नऊ वर्षांचं मूल असली आज्ञा शब्दशः घेतं, आणि त्या दिवसापासून आईसमोर रडायचं बंद होतं.

म्हणून दशक्रियेच्या आदल्या संध्याकाळी, सूत्रसंचालन करणारे जे कुणी गुरुजी असतील, त्यांना गाठ. हात जोडून सांग, की मुलांची नावं माइकवरून घेऊ नका, त्यांना उभं करू नका, आणि "मीपण पोलीसच होणार" असं त्यांच्याकडून वदवून घेऊ नका. गुरुजी ऐकतात, त्यांनी वर्गात मुलं पाहिलेली असतात. पिंडाला कावळा शिवला, पाया पडून झालं, की पोराला चुलतभावंडांबरोबर मागे उसाच्या कडेला खेळायला जाऊ दे. तिथे तो हसला तर कुणाला दचकू देऊ नकोस. मुलं दुःख सलग करत नाहीत. दहा मिनिटं हुंदके, मग गोट्या, मग रात्री अचानक पुन्हा. आपल्याला ते विचित्र दिसतं, पण लहान जिवाला एका वेळी तेवढंच पेलतं.

अंत्यविधी शासकीय इतमामात असला तर त्याच्याही आधी मुलांना बाजूला घेऊन सगळं सांगायचं. पप्पांच्या अंगावर तिरंगा असेल, बिगुल वाजेल, पोलीस बंदुका आकाशाकडे धरून फैरी झाडतील, आवाज मोठा येईल, तो पप्पांच्या मानासाठी आहे, कुणाला लागणार नाही. न सांगता ती फैर कानावर पडली तर लहान मूल फटाक्यांच्या आवाजालाही पुढे घाबरत राहू शकतं. आणि चेहरा बघायचा का, अग्नी द्यायचा का, हे मुलाला विचारायचं. मुलीलाही विचारायचं. "नको" म्हणालं तर नको. तिथे घरातल्या म्हाताऱ्यांशी भांडायची वेळ आली तर भांड, पण मुलासमोर नको.

आता मुख्य गोष्ट. पोलिसाच्या मुलांना बाप घरी नसण्याची सवय असते. दुकानदाराच्या, मास्तरच्या मुलापेक्षा ती या बाबतीत वेगळी असतात. गणपतीचे दहा दिवस पप्पा बंदोबस्ताला. आषाढीला पालखीबरोबर. निवडणुकीत कुठेतरी परजिल्ह्यात. साप्ताहिक सुट्टी ऐन वेळी रद्द, वाढदिवसाचा केक रात्री साडेबाराला. त्यामुळे पप्पा गेले म्हणजे काय, हे पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात सहजासहजी शिरत नाही. त्याच्या हिशेबात हा लांबलेला बंदोबस्त असतो. सगळं घर रडतंय आणि हे मूल शांत आहे म्हणून आपण म्हणतो, किती समजूतदार. तसं नसतं. ते वाट बघत असतं. आणि मग अनंत चतुर्दशी होते, गणपती पाण्यात जातात, पोलीस लाइनीतले बाकीचे बाप घरी येतात, बूट काढून दिवसभर झोपतात, आणि याचा येत नाही. काही मुलांचं रडणं तेव्हा सुरू होतं, मृत्यूनंतर कितीतरी महिन्यांनी. तेव्हा सांत्वनाला आलेली माणसं आपापल्या कामाला लागलेली असतात. तू मात्र त्या दिवसांत जवळ राहा, रजा काढावी लागली तरी काढ.

म्हणूनच "पप्पा लांब ड्युटीवर गेलेत" हे वाक्य या घरात विषासारखं आहे. दुसऱ्या कुठल्या घरात ते नुसतं खोटं ठरेल, इथे ते मुलाला रोज दारात बसवेल. "झोपलेत" म्हणू नकोस, ते मूल मग झोपायलाच भिईल. "देवाने नेलं" म्हणालीस तर शिवनेरीला शिवाई देवीसमोर उभं केल्यावर हात जोडायचे की नाही, हा त्याचा प्रश्न होईल. सरळ सांग: पप्पा मेले. त्यांचं शरीर आता चालत नाही, त्यांना दुखत नाही, ते परत येणार नाहीत. बोलताना तुझा आवाज फुटला तर फुटू दे. हेच चार-सहा महिन्यांत पन्नासदा विचारलं जाईल, आणि प्रत्येक वेळी तेच उत्तर, त्याच शब्दांत द्यायचं. मुलाला तू बदललेली नाहीस ना, हे तपासायचं असतं.

आणखी एक प्रश्न ते तोंडाने विचारणार नाही. निघताना मी पप्पांवर रुसलो होतो, टाटा केला नाही, म्हणून झालं का? असं वाटणारी मुलं फार. त्याने विचारायची वाट न बघता तूच एकदा बोलून टाक, "तुझ्यामुळे काही झालं नाही."

कसं झालं, हेही मुलांना कळायला हवं. इथे तुझ्याशी कुणी सहमत होणार नाही. सगळे म्हणतील, पोरांना कशाला. पण त्यांच्या वर्गात फोन आहेत, फोनवर सीसीटीव्हीची क्लिप आहे, आणि ती त्यांना मधल्या सुट्टीत कुणीतरी दाखवणार आहे. त्याआधी घरातल्या माणसाच्या तोंडून, वयाला झेपेल एवढं आणि खरं, कळलेलं बरं. मोठी माणसंसुद्धा न कळण्यानेच तडफडतात. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्यात कामा हॉस्पिटलजवळ पोलीस अधिकारी अशोक कामटे मारले गेले. त्यांच्या पत्नी विनीता कामटे यांनी माहितीच्या अधिकाराखाली पोलीस नियंत्रण कक्षाच्या नोंदी मिळवल्या, त्या रात्री कोण कुठे होतं, मदत कधी मागितली, हे जुळवलं आणि 2009 मध्ये 'टु द लास्ट बुलेट' हे पुस्तक आलं. शौर्याची कौतुकं ऐकूनही त्या थांबल्या नव्हत्या. त्यांना त्या रात्रीचा हिशेब हवा होता. मुलांनाही तो हवा असतो, फक्त मागता येत नाही. आणि जिथे खटला उभा राहतो तिथे तो वर्षानुवर्षं चालतो. 2016 च्या ऑगस्टमध्ये खारला हेल्मेट नसलेल्या मुलाला अडवलं म्हणून वाहतूक हवालदार विलास शिंदे यांना मारहाण झाली आणि त्यात ते गेले. अशा घरात तारीख पडली की मोठ्यांचे आवाज बदलतात, पोरांना ते लगेच कळतं. तेव्हा "काही नाही, जा खेळ" म्हणण्यापेक्षा "आज कोर्टात तारीख आहे, आई जाऊन येईल, रात्री सांगू" एवढं पुरतं.

आता जे कुणी बोलत नाही ते बोलते. मुलांना बापाचा राग येतो. एवढ्या लोकांत तुम्हीच पुढे का गेलात? आमचा विचार नाही आला? चौदा-पंधरा वर्षांची मुलगी हे बोलली की घरात सन्नाटा होतो, आजी म्हणते, "असं बोलू नये गं, तुझा बाप देव झालाय." देव झालेल्या बापावर रागवता येत नाही. त्याची आठवणसुद्धा नीट काढता येत नाही, कारण चौकातल्या फ्लेक्सवरचा कडक सॅल्यूटमधला माणूस आणि घरी बनियनवर बसून कांदा-भाकर खाणारा, मॅच बघताना ओरडणारा, पगाराच्या आठवड्याला जिलेबी आणणारा माणूस यांचा मेळ त्या मुलीला लागत नाही. गाव फ्लेक्सवाल्याला सांभाळेल, शासन पदकवाल्याला सांभाळेल. घरातल्या बनियनवाल्याला सांभाळायला फक्त तुम्ही दोघीतिघी आहात. त्याच्या चुका सांग, तो शाळेत कशात नापास झाला होता ते सांग, नारायणगावला तमाशा बघायला पळून गेला आणि मार खाल्ला असेल तर तेही.

कामटेंबरोबरच मारले गेलेल्या हेमंत करकरे यांच्या मुलीने, जुई करकरे-नवरे यांनी, 2019 मध्ये वडिलांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख म्हणून त्यांना सगळा देश ओळखतो. चंद्रपूरला असताना जंगलातल्या लाकडाच्या ओंडक्यांतून शिल्पं कोरणारा माणूस किती जणांना ठाऊक आहे? तो मुलांकडेच राहतो. त्याच हल्ल्यात गेलेल्या तुकाराम ओंबळेंचंही बघ. हातात फक्त लाठी असताना त्यांनी गिरगाव चौपाटीला दहशतवादी कसाबच्या रायफलीची नळी धरून ठेवली, त्यांना अशोकचक्र मिळालं, हे पाठ्यपुस्तकासारखं सगळ्यांना पाठ आहे. मला त्याहून आवडतं ते हे, की ठाणे-कल्याण भागात सापडलेल्या उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या एका नव्या जातीला संशोधकांनी 2021 मध्ये त्यांच्या नावावरून 'आयसियस तुकारामी' असं नाव दिलं. पोराला भिंतीवरच्या कोळ्याकडे बोट दाखवून सांगता येईल अशी आठवण. पुतळ्यापेक्षा बरी.

आपल्याकडचे बरेचसे पोलीस मुंबई-ठाण्याला नोकरीला. माळशेज घाट उतरला की अर्धा तालुका तिकडेच. तेव्हा माणूस गेला की बापापाठोपाठ क्वार्टर जायची वेळ येते, आणि मुलं गावी येतात. आपण म्हणतो, बरं झालं, आपल्या माणसांत आली. पण पोलीस लाइन हेच त्यांचं गाव होतं गं. तिथे प्रत्येकाचा बाप वर्दीतला, तिथे "पप्पा कुठायत" याचं उत्तर द्यावं लागत नव्हतं. क्वार्टर किती दिवस ठेवता येईल, मुदतवाढ मिळेल का, हे पहिल्या आठवड्यातच लेखी विचारून घ्या आणि शक्य असेल तर शाळेचं वर्ष तिथेच पूर्ण होऊ द्या. इकडे आल्यावरही लाइनीतल्या दोन मित्रांशी फोन चालू ठेव, मे महिन्यात त्यांना इकडे आंबे खायला बोलाव.

आणि इकडच्या रात्री. लाइनीत दिवे असतात, इथे घराला लागून ऊस आणि उसात बिबट्या. आपल्याला त्याची सवय, पोरांना नाही. आणि ज्या मुलाच्या मनात "पप्पा असले की काही होत नाही" असं होतं, त्याला बिबट्या म्हणजे बाप नसल्याची भीती. गादी ओली होईल, पोट दुखेल, नववीतली मुलगी आईच्या पदराला धरून झोपेल. टोमणे मारायचे नाहीत. एक दिवा चालू ठेवा, कुणीतरी मोठं माणूस त्याच खोलीत झोपा. मोठ्या मुलीवर लक्ष ठेव, विशेष करून जी सगळं शहाण्यासारखं करतेय. स्वयंपाक करते, भावाचा अभ्यास घेते, आईला गोळी देते. पाहुणे म्हणतात, काय गुणाची पोर. तिला आठवड्यातून एकदा घोडेगावला नाहीतर मंचरला मैत्रिणींबरोबर पाठव आणि तेवढ्या वेळात भाकऱ्या तू थाप.

एक गोष्ट मला फार सलते, ती इथेच सांगते. आपला समाज मरणाला पायऱ्या लावतो. 1 मे 2019 ला गडचिरोलीत जांभूळखेड्याजवळ सुरुंगाच्या स्फोटात 15 जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक गेला. साऱ्या महाराष्ट्राने मान खाली घातली, योग्यच होतं. पण बंदोबस्तावर उन्हात उभा असताना हृदयविकाराने गेलेला हवालदार? नाकाबंदीत ट्रकखाली सापडलेला? कोरोनात गेलेले शेकडो पोलीस, ज्यांच्या मुलांना चेहरासुद्धा धड बघायला मिळाला नाही? त्यांच्या मुलांना शाळेत ऐकावं लागतं, "तुझे पप्पा काय शहीद नाहीत, अटॅकने गेले." आणि त्या चालकाच्या मुलांना काय ऐकावं लागत असेल, तूच विचार कर. बाप कामावर गेला आणि परत आला नाही, मुलाच्या बाजूने गोष्ट एवढीच. वर्गात असलं बोलणं होतंय का, हे वर्गशिक्षकांकडे जाऊन विचार. आणि 26 जानेवारीला याच मुलाला पुढे उभं करून देशभक्तीचं भाषण करायला लावायची हौस शाळेला येईल. आधी त्याला विचारा म्हणावं.

आंबेगावला मरण आणि त्यानंतरची गर्दी नवीन नाही. 30 जुलै 2014 ला माळीण गाव डोंगराखाली गेलं, दीडशेच्या वर माणसं गेली, तेव्हा कॅमेरे आले, मंत्री आले, पुढे नवी घरंही उभी राहिली. घर बांधून देता येतं. पण जोराचा पाऊस लागला की मुलाच्या जवळ कोण बसणार, हे कुठल्याच पुनर्वसनाच्या आराखड्यात लिहिलेलं नसतं.

काही वेळा तुझं बसणं पुरणार नाही. मूल महिनोन्‌महिने जेवत नसेल, शाळेत जातच नसेल, स्वतःला इजा करत असेल, "मला पप्पांकडे जायचंय" असं म्हणत असेल, तर देवऋषी आणि गंडेदोरे सोड. 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर, फुकट आहे, मराठीत बोलतात. मुलांसाठी 1098. मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात जाऊन विचार, तिथून औंधच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागाकडे चिठ्ठी मिळू शकते. डॉक्टरकडे नेताना "तुला वेड लागलंय का बघू" असलं कुणी बोललं तर त्याला तिथेच गप्प कर.

अमेरिकेत 1984 पासून 'कन्सर्न्स ऑफ पोलीस सर्व्हायव्हर्स' नावाची संस्था आहे, गेलेल्या पोलिसांच्या घरच्यांनीच चालवलेली. ते या मुलांची शिबिरं घेतात. पोहणं, भटकणं, खेळणं, आणि आजूबाजूचं प्रत्येक मूल आपल्यासारखंच. आपल्याला तेवढं मोठं काही नको. पुणे ग्रामीणच्या अधीक्षक कार्यालयात कल्याणाचं काम बघणाऱ्यांना विचार, जिल्ह्यात अशी आणखी कुठली घरं आहेत, त्यांची हरकत नसेल तर गाठ घालून द्या. दोन-तीन घरांची मुलं एखाद्या रविवारी लेण्याद्रीच्या पायऱ्या चढली तरी खूप झालं. त्यांना एकमेकांना काही समजावून सांगावं लागत नाही.

21 ऑक्टोबरला पोलीस स्मृतिदिन असतो. 1959 साली लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्जला चिनी सैन्याच्या गोळीबारात 10 पोलीस मारले गेले, त्यांच्यासाठी सुरू झालेला. त्या दिवशी वर्षभरात देशभर गेलेल्या पोलिसांची नावं परेडला वाचून दाखवतात. बोलावणं येईल. जायचं की नाही हे दर वर्षी मुलांना नव्याने विचारायचं. एका वर्षी "नको" म्हणणारं मूल पुढच्या वर्षी स्वतःहून शर्टाला इस्त्री करेल.

राहता राहिले कागद. मुलांच्या आईच्या सहीने सगळं होईल, पण फाईल तू सांभाळ. पंतप्रधान शिष्यवृत्ती योजनेत 2019 पासून दहशतवादी किंवा नक्षली हल्ल्यात गेलेल्या राज्य पोलिसांच्या मुलांनाही जागा आहेत, व्यावसायिक शिक्षणासाठी, मुलींना महिन्याला 3,000 आणि मुलांना 2,500 रुपये. अनुकंपा नोकरीचा अर्ज मुलं सज्ञान झाल्यावर ठरावीक मुदतीतच करावा लागतो. ती मुदत आजच्या नियमाने किती, हे लेखी घेऊन फाईलच्या पहिल्या पानाला लाव. पण ही नोकरी त्याने घ्यायचीच, असं आत्तापासून कुणाला बोलू देऊ नकोस. जन्मदाखले, मृत्यूचा दाखला, सेवापुस्तकाची प्रत, सगळ्याच्या चार-चार झेरॉक्स काढ. पप्पांचा पोलिसातला बक्कल नंबर बऱ्याच ठिकाणी लिहावा लागेल. तो कागदात शोधत बसू नकोस, धाकट्याला विचार. पोलिसाच्या पोराला तो पाठ असतो.